अ‍ॅप हँग होतंय, म्हणून फ्रेमवर्कच बदलू का?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव-गाव वगळून त्यातला मुद्दा असा: सहकारी नोकरी सोडून गेले आणि त्यांनी सी प्लस प्लस भाषेत, क्यूटी या विंडो-बटणांच्या फ्रेमवर्कवर लिहिलेलं डेस्कटॉप अ‍ॅप हिच्या अंगावर पडलं. हे अ‍ॅप मोजमापाच्या एका यंत्राकडून सीरियल पोर्टवरून आकडे घेतं, आलेख काढतं आणि फाइलमध्ये साठवतं. मोठी फाइल उघडली की विंडो हँग होते. त्यावर उपाय म्हणून तिने सात ठिकाणी ‘प्रोसेस इव्हेंट्स’ची ओळ टाकली. हँग होणं कमी झालं, पण आता अ‍ॅप अधूनमधून क्रॅश होतं. यंत्राकडून आकडे कधीकधी तुटके येतात. ‘सेव्ह’ दाबलं की एकच नोंद कधी दोनदा पडते. नवा क्लास लिहिला की लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम, व्हीटेबलच्या, म्हणजे क्लासच्या व्हर्च्युअल फंक्शनांच्या तक्त्याच्या, नावाने ओरडतो. बिल्डचं फोल्डर पुसलं की कधी गप्प बसतो, कधी नाही. आणि तिच्या मशीनवर नीट उघडणारं अ‍ॅप लिनक्सवाल्या सहकाऱ्याकडे उघडतच नाही. टीमचं म्हणणं, हे फ्रेमवर्कच लहरी आहे, सगळं वेब तंत्रावर चालणाऱ्या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये नव्याने लिहू. ती विचारते, खरंच नव्याने लिहू का? आणि दोन वर्षं झाली तरी एकेका एररवर दोन-दोन दिवस जातात, तर मी या कामाच्या लायकीची आहे का?

नमस्कार,

तुमच्या पत्रात ‘लहरी’ हा शब्द चार वेळा आलाय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. क्यूटी १९९५ पासून लोकांच्या वापरात आहे. केडीईसारखा अख्खा डेस्कटॉप त्यावर उभा आहे, व्हीएलसी प्लेअरची विंडो त्यावर चालते. म्हणजे त्यात चुका नसतात असं नाही. पण तुम्ही लिहिलेल्या पाच तक्रारींपैकी एकही लहरीपणाची नाही. पाच वेगळी दुखणी आहेत, त्यांची कारणं वेगळी, आणि ती सगळी एकाच नावाखाली गोळा केल्यामुळे ती लहर वाटतेय. एक दुखणं बिल्डच्या वेळचं आहे, एक अ‍ॅप सुरू होतानाचं, आणि तीन अ‍ॅप चालू असतानाची. एरर आली की ‘हे काय आहे’ याआधी ‘हे नेमकं कुठल्या टप्प्यावर आलं’ हे विचारायची सवय लावून घ्या. निम्मा शोध तिथेच संपतो.

हँग आणि क्रॅश यांवर जरा जास्त थांबते, कारण तुमचा सगळ्यात जास्त त्रास तिथे आहे आणि तो त्रास वाढवणारा उपाय तुम्हीच केलाय.

अ‍ॅप सुरू झालं की मुख्य थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या कामाची मुख्य धारा, एका रांगेसमोर बसतो. माउसची क्लिक, कीबोर्डची कळ, टायमर, ‘हा भाग पुन्हा रंगव’ असा निरोप, सगळं त्या एका रांगेत येतं आणि तो एकेक निरोप उचलून निपटतो. ‘फाइल उघडा’ या बटणामागचं तुमचं फंक्शन हाही त्या रांगेतला एक निरोपच. ते आठ सेकंद चाललं तर मागचे सगळे आठ सेकंद खोळंबतात. विंडो रंगवायलाच कुणी मोकळं नसतं, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम ‘प्रतिसाद देत नाही’ असं दाखवते. हँग म्हणजे इतकंच.

‘प्रोसेस इव्हेंट्स’ काय करतं? तुमचं फंक्शन अर्धवट असतानाच रांगेतले साचलेले निरोप निपटायला सांगतं. विंडो हलते-डुलते, बरं वाटतं. आता हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. वापरणाऱ्याने ‘उघडा’ दाबलं. तुमचा लूप चाळीस हजाराव्या ओळीवर आहे. फाइल अजून दिसत नाही म्हणून त्याने पुन्हा ‘उघडा’ दाबलं. लूपमध्ये ‘प्रोसेस इव्हेंट्स’ आलं, त्याने ती दुसरी क्लिक उचलली, आणि तेच फंक्शन स्वतःच्याच पोटात पुन्हा सुरू झालं. त्याची पहिली ओळ जुनी यादी रिकामी करते. ते पूर्ण होऊन परत फिरलं, तर पहिला लूप अजून चाळीस हजाराव्या ओळीवरच उभा आहे, पण त्याच्या हातातला इटरेटर, म्हणजे यादीतली जागा दाखवणारी खूण, ज्या मेमरीकडे बोट दाखवत होता ती मेमरी आता त्याची राहिलेलीच नाही. क्रॅश. तुम्ही लिहिलंय की क्रॅश ‘कधीकधीच’ होतो. वापरणारा कधीकधीच अधीर होतो, म्हणून. मोठी फाइल उघडा आणि मुद्दाम भराभर तीन वेळा बटण दाबा. माझा अंदाज आहे की तुम्हाला क्रॅश हवा तेव्हा घडवता येईल. आणि जो दोष हवा तेव्हा घडवता येतो तो सुटतोच.

आजचा दिवस निभावायचा असेल तर फाइल वाचायला लागताच ते बटण निष्क्रिय करा आणि वाचून झाल्यावर पुन्हा चालू करा. ही पट्टी आहे, इलाज नव्हे. वापरणाऱ्याने मधेच विंडो बंद केली तर तीच गत होईल. इलाज म्हणजे ते काम मुख्य थ्रेडवरून हलवणं. एकदाच चालून संपणाऱ्या कामासाठी, जसं फाइल वाचणं, क्यूटी कन्करंटचं ‘रन’ आणि सोबत फ्यूचर वॉचर ही जोडी सर्वांत सोपी: पहिलं काम दुसऱ्या थ्रेडवर चालवतं, दुसरा ते संपल्याचं कळवतो. सतत चालणाऱ्या कामासाठी क्यू-ऑब्जेक्ट या क्यूटीच्या मूळ क्लासपासून एक वर्कर क्लास बनवा, त्याला पेरेंट, म्हणजे मालक ऑब्जेक्ट, देऊ नका, आणि ‘मूव्ह टू थ्रेड’ने तो क्यू-थ्रेडकडे सोपवा. पेरेंट दिलेला ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडवर हलत नाही, क्यूटी तशी वॉर्निंग देतं आणि पुढे चालू लागतं. ती वॉर्निंग नजरेतून सुटली की लोक आठवडाभर ‘थ्रेड केला तरी हँग का’ म्हणून डोकं धरतात.

इथे काही खड्डे ठरलेले आहेत. वर्करमधून लेबल, टेबल, आलेख अशा कुठल्याही विजेटला हात लावायचा नाही. विजेट फक्त मुख्य थ्रेडची. वर्करने सिग्नल, म्हणजे ‘हे घडलं’ असा निरोप, पाठवायचा, बदल मुख्य थ्रेडने करायचा. दोघं वेगळ्या थ्रेडवर असले की क्यूटी तो सिग्नल आपोआप रांगेत टाकतं, कुलपं-बिलपं तुम्हाला लिहावी लागत नाहीत. मात्र दर ओळीमागे प्रगतीचा सिग्नल सोडलात तर मुख्य थ्रेडची रांग त्यानेच तुंबेल. टक्का बदलला तरच पाठवा. क्यू-थ्रेडपासून क्लास बनवून त्यात स्लॉट, म्हणजे सिग्नल आला की चालणारी फंक्शनं, लिहिणं हा आणखी एक खड्डा. क्यू-थ्रेडचा ऑब्जेक्ट स्वतः ज्या थ्रेडवर जन्मला तिथेच राहतो, त्यामुळे ते स्लॉट नव्या थ्रेडवर नाही, जुन्यावरच चालतात. आणि अ‍ॅप बंद होताना थ्रेडला ‘क्विट’ सांगून मग ‘वेट’ करा, नाहीतर थ्रेड चालू असतानाच तो ऑब्जेक्ट नष्ट होतो आणि अ‍ॅप जाता जाता कोसळतं.

सीरियल पोर्टच्या तुटक्या आकड्यांचा थ्रेडशी काही संबंध नाही, यंत्राचा तर मुळीच नाही. यंत्र २३.७५ पाठवतं, तुमच्याकडे एकदा ‘२३.’ येतं आणि नंतर ‘७५’. तुम्ही ‘रेडी रीड’ सिग्नल आला की ‘रीड ऑल’ करून लगेच त्याचा आकडा बनवताय. त्या सिग्नलचा अर्थ ‘काहीतरी आलंय’ एवढाच. पूर्ण ओळ आली अशी हमी तो देत नाही. स्लॉटमध्ये ‘कॅन रीड लाइन’ खरं आहे तोवर फिरणारा लूप लिहा आणि दर वेळी एकच पूर्ण ओळ उचला. उरलेला तुकडा बफरमध्ये पुढच्या खेपेची वाट पाहत बसतो. यंत्र ओळीच्या शेवटी नवओळीचं चिन्ह पाठवतं ना, एवढं त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. नेटवर्क सॉकेटवर काम करणाऱ्या वाचकांनाही हेच लागू आहे, शब्दशः.

नोंद दोनदा पडण्याचं कारण मी कोड न पाहताही दोनपैकी एक असणार असं सांगते. डिझायनर या विंडो आखायच्या साधनात बटणाचं नाव ठेवलं आणि स्लॉटचं नाव ‘ऑन’, मग बटणाचं नाव, मग ‘क्लिक्ड’ असं अंडरस्कोरने जोडून लिहिलं, की ‘सेटअप यूआय’ ते दोन्ही आपणहून जोडतं. तुम्ही वर हाताने ‘कनेक्ट’ही लिहिलं असेल, तर एका क्लिकला स्लॉट दोनदा चालणारच. दुसरं कारण, ‘कनेक्ट’ची ओळ अशा फंक्शनमध्ये आहे जे पुन्हापुन्हा चालतं. दर कनेक्टने एक नवी जोडणी होते, जुनी पुसली जात नाही. तुमची नोंद ‘कधी’ दोनदा पडते, नेहमी नाही. त्यामुळे मला दुसऱ्याचा संशय जास्त आहे. सेटिंगची विंडो एकदा उघडून बंद केल्यावर सेव्ह करून पाहा, मग दोनदा उघडून. नोंदी दोन, मग तीन झाल्या तर चोर सापडला.

जुना कोड सिग्नल आणि स्लॉटची नावं मजकूर म्हणून देत असेल तर तो हळूहळू बदला. क्यूटी ५ पासून, म्हणजे २०१२ पासून, फंक्शनचा पत्ता देऊन कनेक्ट करता येतं. नावात एक अक्षर चुकलं तर कंपायलर तिथल्या तिथे अडवतो. जुन्या पद्धतीत तीच चूक अ‍ॅप चालू झाल्यावर एका वॉर्निंगपुरती दिसते आणि बटण मुकाट्याने मुकं राहतं.

व्हीटेबलच्या एररला मात्र लोक उगाच घाबरतात. सिग्नल, स्लॉट ही सी प्लस प्लसची भाषा नाही. म्हणून कंपायलरच्या आधी मॉक नावाचा एक छोटा प्रोग्रॅम तुमची हेडर वाचतो, ज्या क्लासमध्ये क्यू-ऑब्जेक्टचा मॅक्रो आहे त्याच्यासाठी एक जादा फाइल लिहितो, आणि तुमच्या क्लासच्या व्हर्च्युअल फंक्शनांतलं पहिलं, ज्याच्यासोबत कंपायलर व्हीटेबल ठेवतो, ते त्या फाइलमध्ये असतं. ती फाइल तयारच झाली नाही की लिंकर म्हणतो, व्हीटेबल कुठाय? म्हणजे प्रश्न एकच: मॉकने हे हेडर वाचलं का? मॅक्रो नंतर टाकला आणि बिल्डची आखणी करणारं क्यूमेक पुन्हा चालवलं नाही, हेडर प्रोजेक्टच्या यादीत नाही, त्याच कामाच्या सीमेकमध्ये ऑटोमॉक बंद आहे, किंवा क्लास हेडरमध्ये नसून थेट सीपीपी फाइलमध्ये लिहिलाय. या शेवटच्या बाबतीत त्याच फाइलच्या तळाशी तिची मॉक फाइल इन्क्लूड करावी लागते, आणि फोल्डर कितीही वेळा पुसलं तरी एरर जात नाही. तुमचं ‘कधी जाते, कधी नाही’ याचं उत्तर बहुधा हेच.

आता लिनक्सवाला सहकारी. त्याने पाठवलेला संदेश तुम्ही पत्रात अर्धाच उतरवलाय, ‘प्लॅटफॉर्म प्लगइन एक्ससीबी लोड करता आलं नाही’ इथपर्यंत. एक्ससीबी हे लिनक्सवर विंडो दाखवायला क्यूटीला लागणारं प्लगइन. त्यापुढचे शब्द महत्त्वाचे आहेत. क्यूटी ‘सापडलं नाही’ म्हणतंय की ‘सापडलं, तरीही लोड करता आलं नाही’ म्हणतंय? पहिलं असेल तर प्लगइनची फाइल अ‍ॅपसोबत गेलेलीच नाही. दुसरं असेल तर फाइल आहे, पण तिला लागणारी दुसरी एखादी लायब्ररी त्या मशीनवर नाही. या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि पहिल्या वाटेवरचा उपाय दुसऱ्या दुखण्यावर करत बसलं की दिवस जातात. लिनक्सवर त्या प्लगइनच्या फाइलवर ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवा, ती फाइलला लागणाऱ्या लायब्ररींची यादी देते. जिथे ‘नॉट फाउंड’ लिहून येईल ती लायब्ररी बसवा. क्यूटी ६.५ पासून एक्ससीबी-कर्सर नावाची लायब्ररी लागू लागली, आणि कित्येक मशीनवर तीच नसते. यानेही उलगडलं नाही तर क्यूटी, डीबग, प्लगइन्स हे तीन शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत अंडरस्कोरने जोडून त्या नावाचा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल १ करा आणि अ‍ॅप टर्मिनलमधून सुरू करा. क्यूटी कुठे कुठे शोधतंय आणि कशावर अडतंय ते ओळीओळीने दिसतं.

विंडोजवर हेच दुखणं आलं तर ‘विनडिप्लॉयक्यूटी’, मॅकवर ‘मॅकडिप्लॉयक्यूटी’ ही साधनं क्यूटीसोबतच येतात, फाइली हाताने कॉपी करू नका. डीबग आणि रिलीजच्या डीएलएल, म्हणजे विंडोजच्या लायब्ररी फाइली, किंवा मिनजीडब्ल्यू आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरच्या डीएलएल एकत्र झाल्या तरी अ‍ॅप असंच रुसतं. ‘माझ्या मशीनवर तर चालतं’ याचा अर्थ तुमच्या मशीनवर क्यूटी पूर्ण बसवलेलं आहे, इतकाच. एक कोरं व्हर्च्युअल मशीन ठेवा, ज्यावर डेव्हलपरचं काहीही नाही, आणि दर रिलीज आधी तिथे उघडून पाहा. अनेक प्लॅटफॉर्मवर चालणारं फ्रेमवर्क कोड एकदा लिहायची सोय देतं. तपासणी मात्र प्रत्येक प्लॅटफॉर्मवर करावीच लागते. फोल्डरचं नाव मोठ्या अक्षराने आणि कोडमध्ये लहान अक्षराने लिहिलेलं विंडोजला चालतं, लिनक्सला नाही, आणि तुमचे टूलबारचे आयकॉन तिथे गायब होतात. ते प्रोग्रॅमच्या आतच बांधल्या जाणाऱ्या रिसोर्स फाइलमध्ये टाकलेत की ही कटकट मिटते.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार उशिरा कळली. क्यूटी बऱ्याच चुका क्रॅशने नाही, वॉर्निंगने सांगतं, आणि आयकॉनवर डबल क्लिक करून उघडलेल्या अ‍ॅपच्या वॉर्निंग कुणालाच दिसत नाहीत. एकदा एक विंडो क्षणभर चमकून नाहीशी व्हायची. मी ग्राफिक्स ड्रायव्हरपर्यंत जाऊन आले. कारण इतकंच होतं की ती विंडो फंक्शनमधला लोकल व्हेरिएबल होती, फंक्शन संपलं आणि तीही संपली. पायथनमधून क्यूटी वापरणाऱ्यांना हाच अनुभव येतो, विंडोचा संदर्भ कुठे धरून ठेवला नाही की. त्या शोधात मी पहिल्यांदा अ‍ॅप टर्मिनलमधून चालवलं आणि त्या विंडोशी संबंध नसलेल्या अकरा वॉर्निंग समोर आल्या. त्यांतल्या दोन वर्षभर सतावणाऱ्या दोषांच्या होत्या. तेव्हापासून क्यूटी, फेटल, वॉर्निंग्स या नावाचा व्हेरिएबल मी डीबग करताना चालू ठेवते. वॉर्निंग आली की अ‍ॅप तिथेच थांबतं, आणि डीबगर थेट त्या ओळीवर नेऊन उभं करतो.

आता तुमचा मोठा प्रश्न. नव्याने लिहावं का?

टीमच्या म्हणण्यामागे एक गृहीतक आहे: दुसरीकडे गेलं की हे दोष इथेच राहतील. हँगचं पाहा. वेब तंत्रावरच्या फ्रेमवर्कमध्येही जावास्क्रिप्टचा मुख्य थ्रेड एकच असतो, जड काम त्यावर केलं की तिथेही विंडो गोठते, आणि इलाजही तोच, काम वर्करकडे देणं. फ्लटर या आणखी एका फ्रेमवर्कमध्ये त्याला आयसोलेट म्हणतात. सीरियल पोर्टवरून तुकडे तिथेही येतील. एकाच इव्हेंटला दोनदा जोडलेलं फंक्शन तिथेही दोनदा चालेल. जुळवून पाहिलं तर तुमच्या पाचपैकी तीन तक्रारी सामानासोबत नव्या घरी येतात. उरलेल्या दोन, व्हीटेबल आणि प्लगइन, इथेच मागे राहतील, पण त्या दोन मिळून दिवसभराचं काम आहे.

फ्रेमवर्क बदलायची खरी कारणं असतात. हेच अ‍ॅप उद्या ब्राउझरमध्ये हवं असेल, टीममध्ये तुमच्याशिवाय कुणालाच सी प्लस प्लस येत नसेल आणि येणारही नसेल, किंवा लायसन्सच्या अटी तुमच्या उत्पादनाला बसत नसतील, तर विचार जरूर करा. पण तो निर्णय क्रॅश सुटल्यावर घ्या. रागात घेतलेला निर्णय आणि पुनर्लेखनाचं वेळापत्रक यांची गाठ मी दोनदा पाहिली आहे. दोन्ही वेळा जुनं अ‍ॅपच आणखी बराच काळ ग्राहकांकडे चालू राहिलं, आणि त्यातले दोष सुटले नाहीत ते नाहीतच. पाच तक्रारींना तीन आठवडे द्या. तेवढ्यात कोड तुम्हाला इतका ओळखीचा होईल की नव्याने लिहायचं ठरलंच, तर काय लिहायचं हे तुम्हाला सांगता येईल. आज ते सांगता येणार नाही.

आणि लायकीबद्दल. तुमची समजूत अशी दिसते की जाणत्या माणसाला एरर पाहताच उत्तर सुचतं. अनुभवी माणूस भराभर उत्तर देतो ते ती एरर त्याने आधी भोगलेली असते म्हणून. न पाहिलेली आली की तोही तुमच्यासारखाच दोन दिवस बसतो. फक्त त्या दोन दिवसांत तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि बदललेलं लिहून ठेवतो. तुमच्या पत्रात मला खटकलं ते हे की हँग कमी झाल्यावर ‘का कमी झालं’ हे तुम्ही विचारलं नाहीत. एरर गेली आणि कारण कळलं नाही, तर काम झालेलं नाही असं धरा. मदत मागतानाही याचा उपयोग होतो. हजारो ओळींचं अ‍ॅप कुणी वाचणार नाही, पण तोच दोष दाखवणारा चाळीस ओळींचा प्रोग्रॅम बनवून दिलात तर अनोळखी माणूसही आनंदाने पाहतो. आणि खरं सांगते, तो चाळीस ओळींचा प्रोग्रॅम बनवता बनवताच बहुतेक वेळा उत्तर आपल्याला दिसतं.

सुरुवात फाइल उघडण्याच्या बटणापासून करा. तिथली ‘प्रोसेस इव्हेंट्स’ची ओळ काढा, वाचन दुसऱ्या थ्रेडवर न्या, तीनदा क्लिक करून पाहा आणि मगच कमिट करा. पुढची ओळ पुढच्या कमिटमध्ये, एकेक. सातवी ओळ आलेख काढणाऱ्या फंक्शनमध्ये आहे असं तुम्ही लिहिलंय, ती शेवटी ठेवा. तिथे थ्रेड लागणारच नाही. यंत्राकडून आलेल्या प्रत्येक आकड्याला ‘रीपेंट’ बोलावण्याऐवजी आकडे नुसते साठवत चला आणि टायमरने सेकंदाला वीसेक वेळा ‘अपडेट’ बोलवा. डोळ्याला फरक कळणार नाही आणि मुख्य थ्रेड मोकळा राहील.